सांग तुझ्या मायले

मोठेबाबा,

तुमच्यासाठी मायचा एक निरोप आहे. निरोप एका ओळीत मावेल एवढाच आहे, पण तो तसाच लिहिला तर तुम्हाला काही उमगणार नाही, म्हणून आधीचं सगळं लिहितो. माझं अक्षर तुम्ही कधी पाहिलं नाही. कामठ्याच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलो, तेही बैल चारायला जायचं नसेल त्या दिवशी. इथं खडगपूरला रेल्वेच्या कारखान्यात डब्यांवर खडूने नंबर टाकता टाकता हात थोडा वळला. तुम्हाला वाचता येत नव्हतं हेही मला माहीत आहे. तरी लिहितो आहे, कारण आपल्या घरात निरोप पोहोचवायचं काम माझंच होतं, आणि तुम्ही गेले म्हणून ते काम संपलं असं मला वाटत होतं. ते संपलं नव्हतं.

माझा बाप मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा मी मायच्या मांडीवर होतो. मला त्याचं काहीच आठवत नाही. आठवतं ते हे, की घरात आपण तिघंच. तुम्ही बापाचे मोठे भाऊ, म्हणजे मायचे भासरे. लहान भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, तो सपरीवर, म्हणजे पुढच्या पडवीत, बसला असेल तर मागच्या परसातून, सांदवाडीतून जायचं, हे आपल्याकडे घरोघरी होतं. पण दुसऱ्यांच्या घरात सासू असते, जाऊ असते, नणंद असते, बोलणं फिरून फिरून जागेवर पोहोचतं. आपल्या घरात मोठीमाय, तुमची बायको, माझ्या जन्माआधीच गेलेली, आजी त्याच्याही आधी. उरलो मी. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून त्या घरातलं सगळं बोलणं माझ्या तोंडातून जायचं.

आता हसू येतं. तुम्ही सपरीवर, माय आत चुलीपाशी, मधे एक कुडाची भिंत, तीही जागोजागी झडलेली. तुम्ही म्हणायचे, "बाबू, सांग तुझ्या मायले, उद्या धानाच्या रोवण्याले बाया येऊन राहिल्या, पेज जास्त टाक म्हणा." तुमचा आवाज तिच्या कानात माझ्याआधी पोहोचलेला असायचा. पण तिचा हात हलायचा नाही. मी उंबऱ्यात जाऊन, "माय, उद्या पेज जास्त टाक म्हणते," म्हटलं की मग ती मडक्याकडे वळायची. ती म्हणायची, "सांग मोठेबाबाले, मीठ सरलं." तुम्ही ऐकलेलं असायचं, तरी मी येईपर्यंत तुम्ही तलावाकडे बघत बसायचे. मी येऊन सांगितलं की, "हो का? बरं, आणतो म्हणा," असं म्हणायचे, जसं काही तुम्हाला आत्ताच कळलं.

एकदा मी रुसलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही गोंदियाला बैलबंडी घेऊन निघाले होते, मला आगगाडी पाहायची होती, आणि तुम्ही नेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तोंडच बंद केलं. तुम्ही म्हणाले, "सांग तुझ्या मायले, जेवाले वाढ म्हणा." मी खांबाला टेकून बसलो. तुम्ही दोनदा म्हणाले. आत भात शिजून झाकून ठेवला होता, त्याचा वास बाहेर येत होता, पण कोणी काही बोलेना. शेजारची म्हातारी काकी कुंपणावरून डोकावली न् म्हणाली, "काऊन वो, आज तुमचा तारबाबू रुसला वाटते! तार बंद त घर बंद!" मग आतून मायचा आवाज आला. ती पितळेच्या गडव्याशी बोलत होती. "काय गा गडव्या, भात निवून राहिला. ज्याले भूक हाय त्यानं पाटावर येऊन बसावं." तुम्ही बाहेर बैलाच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलं का गा? चाल, बसतो मी. तू बी कडबा खा." मला एवढं हसू फुटलं, की रुसवा तिथंच सुटला. तुम्हीही हसले. माय आत हसली का ते मला दिसलं नाही. ती पदर तोंडावर घेऊन चुलीकडे वळली होती.

पण एक निरोप रोजचा होता. तुमचं जेवण झालं, हात धुतला, की तुम्ही म्हणायचे, "सांग तुझ्या मायले, जेवून घे म्हणा." मी सांगायचो. माय म्हणायची, "सांग, जेवतो म्हणा." मग ती भांडी उचलायची, कोंबड्या हाकलायची, चूल लिंपायची, आणि जेवण मागे पडायचं. तुम्ही सपरीवर अडकित्ता घेऊन बसलेले. दुपारच्या उन्हात डोळे मिटत यायचे तुमचे, तरी तुम्ही आडवे होत नव्हते. शेवटी ती जेवायची न् मला म्हणायची, "सांग, जेवली म्हणा." मी येऊन सांगायचो. तेव्हा तुम्ही गमछा डोळ्यांवर घेऊन लवंडायचे. कधी कधी मी तो निरोप खेळता खेळता सांगायला विसरायचो. परत यायचो तर तुम्ही तसेच बसलेले असायचे.

थोडा मोठा झालो तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. तलावाची पाळ बांधणारी आपली जात, आणि पाऊस उघडला की पाळीवरची खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवायचं काम तुम्ही दुसऱ्या कोणावर सोडत नव्हते. आपण दोघं गुडघाभर चिखलात होतो. मी म्हटलं, "मोठेबाबा, काकीचा भासरा त आता काकीसंग बोलते. केस पिकल्यावर चालते म्हणते ते. तुमचे बी पिकले. तुमी काऊन नाही बोलत?" तुम्ही हातातला चिखल बिळात कोंबला न् म्हणाले, "इथं पाय दे. जोरानं दे." मी पाय दिला. म्हटलं, "मी काय विचारून राहिलो न् तुमी काय सांगून राहिले!" तुम्ही मान वर केली नाही. "निरोप्याचं काम निरोप सांगायचं. कायले बोलते न् कायले नाही, हे विचारायचं नाही. पुन्हा विचारलं त पाळीवर यायचं नाही." तुम्ही मला कधी मारलं नाही, पण त्या दिवसाचं ते बोलणं मला माराहून जास्त लागलं. मी मनात म्हटलं, हे दोघं मुके आहेत न् मला मधे बांधून ठेवलं आहे.

पाय माझे तेव्हाही एका जागी ठरत नव्हते. वारा तिकडून असला की गोंदियाच्या गाडीची शिटी आपल्या धानाच्या बांधीपर्यंत यायची, आणि माझ्या हातातलं रोप तसंच राहायचं. एक ठेकेदार रेल्वेच्या कामावर माणसं नेत होता, त्याच्याकडे नाव सांगून आलो. तुम्ही अडवलं नाही. गोंदियापर्यंत बंडीने सोडायला आले. फलाटावर गमछ्याच्या गाठीतून उकडलेले शिंगाडे काढून माझ्या हातावर ठेवले. तुम्ही विचारलं, "मायले सांगतलं न?" म्हटलं, "सांगतलं." "काय म्हणे?" "काही नाही म्हणे." गाडी आली तेव्हा तुम्ही माझी वळकटी आत लोटली न् खालून म्हणाले, "आता सांगन कोण गा?" मला ती मस्करी वाटली. मी दारातून हसलो. तुम्हीही हसले, म्हणून मला ती मस्करीच वाटत राहिली.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेले. मी तेव्हा चक्रधरपूरकडे पुलाच्या कामावर होतो. आपल्याकडचा एक माणूस त्या कामावर आला, त्याच्याकडून कळलं. मी घरी पोहोचलो तेव्हा तेरवी होऊन गेली होती. माय भिंतीला टेकून बसलेली. मी विचारलं, "शेवटी तरी बोलले का वो तुमी एकमेकांसंग?" ती म्हणाली, "कायले बोलन?" त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गावी गेलो तेव्हा तेव्हा हेच विचारलं, आणि तिने हेच उत्तर दिलं. मला राग यायचा. एक माणूस मरतो, घरात दुसरं माणूस आहे, आणि दोघांत एक शब्द होत नाही. असली कसली रीत? मी पुन्हा निघून जायचो. किती गावं फिरलो, किती कामं सोडली, पण हा एक प्रश्न मात्र सुटला नाही.

लढाई सुरू झाल्यावर कारखान्यात कामाला तोटा राहिला नाही, मीही एका जागी टिकलो, आणि गेल्या साली मायला इथं घेऊन आलो. एक खोली, पुढे पडवी, पडवीला लागून शेजाऱ्यांची पडवी. शेजारी तेलंगी आहेत. दोघे भाऊ कारखान्यात, धाकट्याची बायको घर सांभाळते. मागच्या रविवारी दुपारी माय तांदूळ निवडत बसली होती. शेजारचा मोठा भाऊ चिखलाच्या पायांनी भावजयीने धुतलेल्या ओट्यावर चढला, आणि ती बाई झाडू घेऊन त्याच्यावर ओरडली. तो हात जोडून मागे सरला, काही तरी बोलला, तशी ती हसत सुटली, आणि हसता हसताच त्याच्या पायावर पाणी ओतलं. मायने मला विचारलं, "तो कोण हाय रे तिचा?" मी सांगितलं, "भासरा." माय म्हणाली, "जा बे!" मी म्हटलं, "खरंच. त्याले 'बावगारू' म्हणते ते." माय म्हणाली, "म्हणजे हाक माराले शब्द हाय तिच्यापाशी?" म्हटलं, "हो, हाय." ती थोडा वेळ हसत राहिली, मान हलवत. मग निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडू लागली. बऱ्याच वेळाने, मी न विचारता, ती बोलली. तिने जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला माहीत झालं आहे हे तुम्हाला माहीत नाही.

माझ्या बापाचा दहावा झाल्यावर पंच आपल्या अंगणात बसले होते. माय दाराआड मला घेऊन. पंच म्हणाले, बाई जवान, भासराही जवान, त्याचीही बायको मेलेली. धाकटा दीर असता तर त्याच्याशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला असता. भासरा तर बापाच्या जागी, तिथं पाटाची गोष्टच नाही. मग दोघं एका छपराखाली राहतील कसे? बाईने माहेरी जावं, माहेरचे तिचा पाट कुठं लावायचा तो लावतील. लेकरू या घरचं आहे, ते इथंच राहील. माय सांगत होती, "मी दाराआड तुले एवढं दाबून धरलं का तू रडाले लागला. तेवढंच बाहेर ऐकू गेलं. बोलाची त सोय नव्हती मले." तेव्हा तुम्ही उठले, तलावावर गेले आणि गडव्यात पाणी घेऊन आले. ते पाणी हातावर घेऊन म्हणाले, "लेकरू मायपाशी राहीन. मी तिच्यासंग एक शब्द बोललो अन् तुमच्या कोणाच्या कानी गेला, त त्या दिवशी तिले माहेरी धाडजा, अन् मले जातीबाहेर टाकजा."

मोठेबाबा, मी पाळीवर तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही हे सांगू शकले असते. नाही सांगितलं. मी मायला म्हटलं, "पण त्याहिनं दुसरी बायको करायची होती. घरात बाई आली असती, सगळं सोपं झालं असतं." माय म्हणाली, "सोयरीक घेऊन लोक येत होते. नाही केली." "काऊन?" तिने सूप तोंडासमोर धरून पाखडायला घेतलं. "ते त्यायलेच ठाऊक," म्हणाली. सुपात पाखडायला काही उरलं नव्हतं.

मग तिने खळ्यावरचं सांगितलं. मी गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही वळकटी उचलली न् धान राखायच्या नावाने खळ्यावरच्या गवती झोपडीत, त्या खोपडीत, राहायला गेले. मळणी झाली, धान घरात आलं, तरी तुम्ही आले नाही. माय दुपारी भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन यायची, खोपडीबाहेर दगडावर ठेवायची आणि निघून जायची. ती पळसाच्या पुढे गेली की तुम्ही बाहेर यायचे. दुसऱ्या दिवशी गंज घासलेला, दगडावर पालथा असायचा. पालथा म्हणजे जेवलो. कधी त्याच्याखाली शिंगाडे, कधी येरोण्या, रानातली ती बारीक बोरं. "तू नव्हता त गंज होता मधात," माय म्हणाली.

पौषात थंडी वाढली. गंज रोज पालथा होता, म्हणून तिला काही वाटलं नाही. तुम्ही तापाने पडून होते. भात बैलाला घालून, गंज घासून, तुम्ही तो पालथा करत होते. तुम्ही जेवले नाही हे तिला कळू नये म्हणून. एक दिवस ती गेली तर कालचा गंज भातासकट तसाच उभा. ती खोपडीच्या दारापर्यंत गेली. आत तुम्ही कण्हत होते. तिला हाक मारायची होती, पण हाक काय म्हणून मारणार? तुमच्यासाठी तिच्याजवळ शब्दच नव्हता. एवढ्या वर्षांत लागलाच नव्हता. ती माझ्याजवळ तुम्हाला 'मोठेबाबा' म्हणायची, ते माझं नातं. तिचं नातं तोंडाने म्हणायची सोयच नव्हती.

मग ती दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "बाबू! विचार न मोठेबाबाले, पाणी पायजे का?"

मी तिथं नव्हतो. मी कुठल्या तरी पुलाखाली लोखंड उचलत होतो. पण आतून तुमचा आवाज आला, "दे म्हणा, बाबू."

तिने पदर घेतला, आत आली, गडवा तुमच्याजवळ ठेवला. म्हणाली, "बाबू, विचार, वैद्याले बलावू का?" तुम्ही म्हणाले, "नोको म्हणा. बैल उपाशी हाय का पाय म्हणा." ती बैल पाहून आली. "बाबू, सांग, बैलाले घातलं म्हणा." तिने काकीच्या नातवाला वैद्याकडे पिटाळलं आणि दारात बसून राहिली. ऊन कलेपर्यंत तुम्ही दोघं माझ्याशी बोलत होते. जन्मात एवढं बोलले नव्हते, असं माय म्हणाली. मी लहानपणी कसा रुसलो होतो, गडव्याची गोष्ट, सगळं निघालं. आणि मग तुम्ही म्हणाले, "बाबू, सांग तुझ्या मायले..." आणि थांबले. ती वाट पाहत राहिली. वैद्य आला तेव्हा सांगायला तुम्ही उरले नव्हते.

हे सांगून मायने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं मी तिला विचारत आलो. त्या दिवशी तिने मला विचारलं, "तुले सांगत होते ते, बाबू. काय सांगतलं असन रे?"

मी काय करणार? मी तिथं नव्हतो. खरं उत्तर 'मला माहीत नाही' हे होतं, आणि ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिचा चेहरा तसाच होता, चुलीपाशी मडक्यावर हात ठेवून माझी वाट पाहायची तसा. शेजारी ती तेलंगीण भासऱ्याला जेवायला हाका मारत होती. आमच्याही खोलीत भात झाकलेला होता, मी जेवलो होतो, माय राहिली होती. मी म्हटलं, "सांगतलं, जेवून घे म्हणा."

माय उठली, ताट वाढून घेतलं, माझ्याकडे पाठ करून जेवली. हात धुतला. मग दारात येऊन, पदर डोक्यावर सारखा करून म्हणाली, "सांग त्यायले, जेवली म्हणा."

तोच निरोप आहे. तुमच्या नावाने मी जे बोललो ते तुम्ही बोलले नव्हते, हे तिला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्हाला वेगळं काही सांगायचं असेल, तर ते मला कळायचा रस्ता नाही. हा कागद टाकायला पत्ताही नाही, तो मायच्या तांदळाच्या डब्याखाली ठेवतो. ती जेवली आहे, मोठेबाबा. तुम्ही आता आडवे व्हा.